पानावरून पडद्यावर – लेखांक ९ : विसरलेली मुलगी आणि कुलूपबंद बाग

मुलांच्या कादंबरीची नायिका दिसायला नकोशी, वागायला तुसडी आणि राग आला की नोकरांच्या तोंडात मारणारी असावी, हे धाडस फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांनी 'द सीक्रेट गार्डन'मध्ये केलं. मागच्या आठवड्यात आपण 'हायडी'बद्दल बोललो. हायडी आजोबांच्या झोपडीत पाऊल टाकते आणि त्याच क्षणी आपली होऊन जाते. मेरी लेनॉक्स तसं होऊ देत नाही. तिचा चेहरा पिवळा, केस विरळ, कपाळावर कायम आठी. ती कुणाला 'कृपया' म्हणत नाही आणि कुणी बरं वागलं तर तिला त्याचा संशय येतो. वाचकाला बरीच पानं तिच्यासोबत नाखुशीने चालावं लागतं. मग कधीतरी लक्षात येतं की आपण तिच्या बाजूचे झालो आहोत, आणि ते नेमकं केव्हा घडलं हे सांगता येत नाही. माझ्या दृष्टीने या कादंबरीचं सगळं सामर्थ्य या न कळत होणाऱ्या बदलात आहे.

'द अमेरिकन मॅगझिन' या मासिकात ती आधी क्रमशः छापून आली आणि १९११ साली तिचं पुस्तक निघालं. ते मासिक मोठ्यांसाठी होतं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. बर्नेटबाईंनी मुलांसाठी म्हणून काही सौम्य केलेलं नाही. मृत्यू, आईबापांची बेपर्वाई, दहा वर्षांच्या मुलाला वाटणारी मरणाची भीती, सगळं जसंच्या तसं समोर ठेवलं आहे.

चित्रपटवाल्यांना या गोष्टीने १९१९ पासून खुणावलं आहे. त्या वर्षीचा मूकपट आज उपलब्ध नाही. पुढे १९४९, १९८७, १९९३ आणि २०२० अशी तिची रूपं आली, शिवाय बीबीसीच्या मालिका वेगळ्या. या लेखात मुख्यतः बोलायचं आहे ते १९९३च्या चित्रपटाबद्दल. पोलिश दिग्दर्शिका अग्निएश्का हॉलंड यांनी तो केला. पटकथा कॅरोलाइन थॉम्पसन यांची, छायाचित्रण रॉजर डीकिन्स यांचं, संगीत झ्बिग्निएव प्राइझनर यांचं. केट मेबर्ली ही मेरी झाली आणि मॅगी स्मिथ वाड्याच्या कारभारणी मेडलॉकबाई. मेरीला ओढूनताणून गोड न करणारा हा चित्रपट आहे. एका ठिकाणी तो कादंबरीच्याही पुढे जातो. पण आरंभीच तो एक फार मोलाची गोष्ट हातची घालवतो, आणि ती गोष्ट आपल्या देशाशी बांधलेली आहे.

आधी लेखिकेविषयी थोडं. बर्नेट यांचा जन्म १८४९चा, मँचेस्टरमधला. वडील लवकर गेले, कुटुंब हलाखीत आलं आणि १८६५ साली सगळे अमेरिकेत टेनेसी राज्यात गेले. घर चालवायला फ्रान्सिस मासिकांतून गोष्टी लिहू लागल्या. १८८६ साली आलेल्या 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय'ने त्यांना अमाप कीर्ती आणि पैसा दिला. १८९० साली त्यांचा थोरला मुलगा लायनेल क्षयाने गेला. कायम अंथरुणाला खिळलेला, आपण मरणार असं धरून बसलेला कॉलिन त्यांनी वीस वर्षांनी लिहिला आणि त्याला उठवून चालतं केलं. आईच्या मनातली ती जागा त्या लिहिण्यात असणार, असं मला वाटत आलं आहे. दरम्यान १८९८ ते १९०७ या काळात त्यांनी इंग्लंडच्या केंट परगण्यातला ग्रेट मेथम हॉल भाड्याने घेतला होता. तिथे भिंतींनी वेढलेली एक जुनी बाग होती. तिच्यात त्यांनी गुलाब लावले, बसून लिहिलं आणि एका रॉबिन पक्ष्याला माणसाळवलं. त्या पक्ष्यावर पुढे एक छोटं पुस्तकही लिहिलं. कादंबरीतली बाग आणि रॉबिन तिथून यॉर्कशायरच्या माळरानावर गेले.

गोष्ट मात्र हिंदुस्थानात सुरू होते. गाव कोणतं ते सांगितलेलं नाही. मेरीचे वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत, नेहमी कामात किंवा आजारी. आई देखणी, मेजवान्यांत रमणारी. तिला मूल नकोच होतं. मेरी जन्मली तशी आयाच्या हवाली झाली. मेमसाहेबांच्या कानावर पोरीचं रडणं पडता कामा नये ही ताकीद असल्यामुळे नोकरांनी तिचा प्रत्येक हट्ट पुरवला. सहाव्या वर्षी ती घरातली लहानशी हुकूमशहा होती आणि तिच्याशी दोन शब्द प्रेमाने बोलणारं घरचं माणूस एकही नव्हतं.

मग बंगल्यात पटकी शिरते. आपल्याकडे गावोगावी वेशीपाशी मरीआईचं ठाणं असायचं ते याच रोगाच्या धास्तीने. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जायचा. कादंबरीत सर्वांत आधी आया मरते. नोकर मरतात, उरलेले पळून जातात. मेरी आपल्या खोलीत लपते. कुणी तिला हाक मारत नाही. भूक लागल्यावर ती जेवणघरात जाते, तर ताटं अर्धवट टाकून माणसं उठलेली. ती थोडी फळं आणि बिस्किटं खाते, तहान लागते म्हणून एक पेला वाइन पिते आणि खोलीत परतून गाढ झोपते. त्या झोपेत घरातलं सगळं आटोपतं. जाग येते तेव्हा पूर्ण शांतता. एक लहानसा साप चटईवरून सरपटत जातो आणि दाराखालून निघून जातो. नंतर दोन अधिकारी बंगल्यात येतात आणि थबकतात. या घरात एक मूल होतं ते कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. आईवडील गेल्याचं मेरीला असं, परक्यांच्या तोंडून कळतं.

मुलांच्या साहित्यात एकटेपणाचं इतकं निर्दय आणि इतकं संयमित चित्र मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे. बर्नेट एकही हुंदका घालत नाहीत. मेरीला दुःखसुद्धा होत नाही, कारण जे गेले ते तिचे कधी नव्हतेच. ती रागावते, ते आपल्याकडे कुणी आलं नाही म्हणून.

हॉलंड यांनी या सगळ्याच्या जागी भूकंप घातला. पडद्याच्या दृष्टीने कारण समजतं. पटकीला वेळ लागतो, ती दाखवायची तर उलट्या, जुलाब आणि प्रेतं दाखवावी लागतील. भूकंप काही सेकंदांत होतो, भिंती हलतात, मेरी पलंगाखाली शिरते. आईच्या वस्तूंतला एक छोटा हस्तिदंती हत्ती तेवढा तिच्या हाती राहतो. या हत्तीचं मूळ कादंबरीत आहे. इंग्लंडमधल्या वाड्याच्या बंद खोल्यांत भटकताना मेरीला एका कपाटात हस्तिदंती हत्तींचा संच सापडतो आणि ती त्यांच्याशी खेळते. पटकथेने त्यातला एक हत्ती उचलून दोन घरांमधला दुवा केला, ही कल्पकता दाद देण्यासारखी आहे.

तरीही भूकंप ही चूक होती असंच मी म्हणेन. भूकंपाचा दोष कुणावर येत नाही. इमारत कोसळते, जो सापडतो तो जातो. पटकीच्या घरात मेरी जिवंत होती, पलीकडच्या खोलीत होती, दारावरून माणसं ये-जा करत होती आणि एकाच्याही मनात ती आली नाही. पुढची सगळी गोष्ट या विसरण्यावर उभी आहे. अनाथ मेरीला यॉर्कशायरला काकांकडे पाठवतात. त्यांच्या मिसलथ्वेटच्या वाड्यातली बाग दहा वर्षं विसरली गेली आहे. तिथेच कॉलिन नावाचा मुलगा आहे, त्याचा बाप, म्हणजे मेरीचे हेच काका, त्याला झोपेत असतानाच पाहून जातो. रात्री कुणाच्या तरी रडण्याचा आवाज ऐकू येतो, आणि मेरीने विचारलं की वारा आहे म्हणून सांगतात. त्या वाड्यात माणसाला विसरणं ही रीतच झाली आहे. मेरीला ती रीत ओळखीची आहे, म्हणून ती आवाजाच्या मागावर जाते. पटकी काढून टाकली की हा धागा सैल पडतो.

याच ठिकाणी कादंबरीलाही एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो आपणच विचारायला हवा. विसरलेल्या मुलीची ही गोष्ट आयाला विसरते. जन्मापासून मेरीला न्हाऊ-खाऊ घालणारी, तिच्या लाथा आणि थपडा सोसणारी, आजारी पडेपर्यंत तिच्याजवळ राहिलेली ही बाई पहिल्या काही पानांतच मरते. तिचं नावसुद्धा एकदाच, ओझरतं येतं. तिचं घर, तिची मुलं, काही नाही. यॉर्कशायरमध्ये मार्था ही मोलकरीण सहज म्हणून जाते की हिंदुस्थानातून येणारी मुलगी काळी असेल असं आपल्याला वाटलं होतं. त्यावर मेरी संतापून जे बोलते ते आज आपल्या मुलांना वाचून दाखवताना थांबावंच लागतं. इथली माणसं तिच्या लेखी माणसं नाहीत. हे बोलणं चुकीचं आहे हे दाखवण्याइतपत लेखिकेची मेरीवर नजर आहे. पण हिंदुस्थान म्हणजे उकाडा, आजार, आळस आणि इंग्लंडची माळरानावरची हवा म्हणजे आरोग्य, ही वाटणी लेखिकेची स्वतःची आहे आणि ती शेवटपर्यंत टिकते.

असं असूनही बर्नेट यांच्या हातून एक सुंदर गोष्ट घडून गेली आहे. पहिल्या भेटीच्या रात्री कॉलिनला झोप येत नाही. मेरी त्याला सांगते की माझी आया करायची तसं मी करते. ती त्याचा हात हळूहळू थोपटते आणि हिंदुस्थानी भाषेतलं अंगाईसारखं काहीतरी अगदी दबक्या आवाजात गुणगुणते. तो झोपी जातो. ज्या मुलीला माया माहीतच नाही असं आपण धरून चाललो होतो, तिच्याकडे ती थोपटण्याची रीत कुठून आली? ती एकाच माणसाकडून येऊ शकते. मेरीने दुसऱ्या जिवासाठी केलेली पहिली कोवळी कृती आयाने शिकवलेली आहे. बर्नेट यांनी ते ठळक केलेलं नाही, म्हणून मराठी वाचकाने ते ठळक करून वाचावं.

यानंतर बाग. मेरीला ती सापडते कशी, यातच कादंबरी आणि चित्रपट यांचा स्वभाव वेगळा होतो. कादंबरीत एका कुत्र्याने चिचुंद्रीसारख्या प्राण्याच्या मागे लागून जमीन उकरलेली असते. त्या ताज्या मातीवर किडे टिपायला रॉबिन उतरतो, आणि मेरीला तिथे गंजलेली कडी दिसते. ती किल्लीची निघते. पुढे वाऱ्याने आयव्हीचा वेल बाजूला होतो आणि दाराची मूठ हाताला लागते. कुत्रा, पक्षी, माती, वारा, यांतलं काहीही मुद्दाम घडलेलं नाही. हॉलंड यांच्या चित्रपटात किल्ली मिळते ती मेरीच्या मृत मावशीच्या खोलीत, दागिन्यांच्या पेटीत. मूळ कादंबरीत मेरीचे वडील आणि कॉलिनची आई ही भावंडं आहेत. चित्रपटाने मेरीची आई आणि कॉलिनची आई यांना जुळ्या बहिणी केलं आणि दोन्ही भूमिका इरेन जाकोब यांच्याकडे दिल्या. त्यामुळे बागेचं दार उघडणं म्हणजे मेरीने नकळत स्वतःच्या आईकडे जाणं होतं. कादंबरीत ही भावना नाही, चित्रपटाला ती शोभते. पण तिची किंमत आहे. गोष्ट मातीकडून आठवणींकडे सरकते.

मातीचा भाग कादंबरीत विलक्षण तपशिलाने येतो. मेरी पहिल्यांदा आत जाते तेव्हा हिवाळा सरत आलेला असतो. सगळे गुलाब वाळल्यासारखे दिसतात. जमिनीतून कंदांचे फिकट हिरवे कोंब वर आलेले असतात आणि गवताने त्यांची कोंडी केलेली असते. बागकामातलं ओ की ठो माहीत नसताना मेरी एक अणकुचीदार काटकी घेते आणि कोंबांभोवतालचं गवत उपटू लागते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग ती मार्थाच्या भावाला, डिकनला, पत्र लिहून खुरपं-कुदळ आणि बिया मागवते. डिकन वाळकी फांदी चाकूने छेदून आतला हिरवा ओलावा दाखवतो. मेरीला भूक लागू लागते. तिच्या अंगावर मांस धरतं. आपल्याकडे शेतात किंवा परसात खुरपणी केलेल्या कुणालाही यातला शब्दन् शब्द पटेल. चांगलं वागायला कुणी शिकवलं म्हणून मेरी सुधारत नाही. तिच्या हाताला काम मिळतं आणि ते काम तिच्या एकटीचं असतं. काका तिला विचारतात, खेळणी हवीत का, बाहुल्या हव्यात का. ती मागते मूठभर जमीन.

चित्रपटापुढे अडचण अशी की खुरपणी किती वेळ दाखवणार? हॉलंड यांनी वेगळा मार्ग काढला. कॅमेरा एका जागी लावून कितीतरी दिवसांची वाढ काही क्षणांत दाखवायची, कळी फुटते, पाकळ्या उलगडतात. दृश्यं डोळ्यांचं पारणं फेडतात, आणि प्राइझनर यांच्या संगीताबरोबर ती पाहताना माझाही ऊर भरून येतो. तरी ही फुलं मेरीच्या हातची वाटत नाहीत. ती आपोआप उमलल्यासारखी वाटतात. डीकिन्स यांनी वाड्याच्या आतले भाग काळपट-निळसर ठेवले आणि बागेत हळूहळू ऊन आणलं, हे मला त्या उमलत्या फुलांपेक्षा अधिक खरं वाटतं. १९४९ साली एमजीएम कंपनीने फ्रेड विल्कॉक्स यांच्या दिग्दर्शनाखाली केलेला चित्रपट कृष्णधवल होता आणि बागेचे प्रसंग तेवढे टेक्निकलरमध्ये. त्याच कंपनीने दहा वर्षांपूर्वी 'द विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये हीच युक्ती केली होती. बागेत शिरलं की एकदम रंग! हॉलंड यांनी तो बदल सावकाश केला, आणि गोष्टीचा वेग पाहता तेच योग्य होतं.

चित्रपटात जी जागा जवळजवळ पुसली गेली तिच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. डिकन आणि मार्थाची आई, सुझन सोअरबी. बारा मुलं, नवऱ्याची आठवड्याची कमाई सोळा शिलिंग, माळरानावरचं झोपडं. तिने मेरीला न पाहता तिच्यासाठी दोन पेन्स मोडून दोरीवरच्या उड्यांची दोरी घेतली. कॉलिन आणि मेरी बागेत राबून वखवखतात, पण घरात पोटभर जेवले तर कॉलिन बरा होतोय हे फुटेल, म्हणून जेवण परत पाठवतात आणि भुकेने कासावीस होतात. हे कळल्यावर सुझन रोज सकाळी डिकनबरोबर ताज्या दुधाची बादली आणि घरी भाजलेले पाव पाठवते. मुलं रानात खड्डा करून त्यात बटाटे आणि अंडी भाजतात. कादंबरीतली ही पानं वाचताना वाचकाच्या तोंडाला पाणी सुटतं. बड्या वाड्यातली मुलं गरीब घरच्या अन्नावर वाढतात, आणि ज्या आईला स्वतःच्या पोरांच्या पोटाची विवंचना आहे तीच आणखी दोन पोरांची आई होते. शेवटी कॉलिनच्या वडिलांना घरी या असं पत्र लिहिते तीही सुझनच. हॉलंड यांनी त्या पत्राऐवजी मुलांनी रात्री शेकोटीभोवती केलेला मंत्रविधी दाखवला आणि त्या हाकेने दूरदेशीचा बाप जागा होतो. दृश्य प्रभावी आहे. पण एका कष्टकरी बाईच्या शहाणपणाची जागा चमत्काराने घेतली, हा सौदा वाईट झाला.

सुझन गेल्यामुळे मेडलॉकबाईंची जागा मोठी झाली. कॉलिनच्या खोलीच्या खिडक्या बंद, नोकर तोंडाला फडकी बांधलेले, पोराला धूळ लागू नये म्हणून ऊनही लागू द्यायचं नाही. मॅगी स्मिथ यांनी यात खलनायिका न करता घाबरलेली बाई उभी केली. आपल्या हातून हा मुलगा दगावला तर, ही भीती तिला कठोर करते.

कॉलिनबद्दल पालकांनी मुलांशी बोलायला हवं असं मला वाटतं. त्याच्या पाठीला काही झालेलं नाही. वडिलांसारखं कुबड येणार, मग आपण मरणार, हे त्याने नोकरांच्या कुजबुजीतून ऐकलं आणि झोपून झोपून पाय लुळे करून घेतले. मेरी त्याच्या आकांताला घाबरत नाही. ती उलट त्याच्यावर ओरडते, त्याची पाठ पाहते आणि काहीही नाही म्हणून ठणकावते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला खरं सांगतं. इथपर्यंत कादंबरी निर्दोष आहे. पुढे बर्नेट यांना त्या काळी अमेरिकेत जोरात असलेल्या विचाराचा मोह पडतो : मनात चांगलं आणलं की शरीर चांगलं होतं. कॉलिन व्याख्यानं देतो, सगळ्यांना मांडी घालून वर्तुळात बसवतो, मेरीने सांगितलेल्या फकिरांसारखं डोलत मंत्र म्हणायला लावतो. ज्या मुलाला खराच आजार आहे, ज्याचे पाय खरोखर चालू शकत नाहीत, त्याने हे वाचलं तर? तुझी इच्छाशक्ती कमी पडली, असा आरोप त्याच्यावर यायला नको. 'हायडी'मधली क्लारा चाकाच्या खुर्चीतून उठते तेव्हा हाच प्रश्न आपल्यापुढे आला होता. कॉलिन बरा झाला कारण तो आजारी नव्हता, हे मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावं.

आता शेवट, आणि इथे मी चित्रपटाच्या बाजूने आहे. कादंबरीच्या उत्तरार्धात मेरी हळूहळू मागे सरकते. बाग तिने शोधली, कॉलिनला तिने शोधलं, त्याला बाहेर तिने आणलं. पण एकदा तो उभा राहिला की सगळी पानं त्याची होतात. शेवटच्या प्रकरणात तो शर्यतीत धावत दारातून बाहेर येतो तो थेट वडिलांच्या मिठीत. बापलेक हिरवळीवरून वाड्याकडे चालत जातात, नोकर थक्क होऊन बघतात. मेरी कुठे आहे? बागेत असेल कुठेतरी. वाड्याचा वारस सापडल्यावर लेखिकेने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. पहिल्या प्रकरणात जी मुलगी विसरली गेली तीच शेवटच्या प्रकरणात पुन्हा विसरली जाते. समीक्षक या शेवटावर गेली कित्येक दशकं बोट ठेवत आले आहेत, ते बरोबरच आहे.

हॉलंड आणि थॉम्पसन यांनी ही जखम ओळखली. चित्रपटाच्या आरंभीच मेरी स्वतःच्या आवाजात सांगते की तिला रडता येत नाही. शेवटी मुलं बागेत आंधळी कोशिंबीर खेळत असतात, डोळे बांधलेला कॉलिन चाचपडत जाऊन वडिलांनाच धरतो. बापलेकांची भेट होते. आणि कॅमेरा तिथे थांबत नाही. मेरी पळत सुटते. आता आपलं इथे काम उरलं नाही, आपण पुन्हा कुणाच्याच नाही, या भावनेने तिला रडू फुटतं, आयुष्यात पहिल्यांदा. काका तिच्यामागे जातात, तिला जवळ घेतात आणि तिचे आभार मानतात. शंभर वर्षांत या गोष्टीवर जे जे काम झालं त्यात हा सर्वांत न्याय्य प्रसंग आहे. केट मेबर्लीने तो अत्यंत साधेपणाने केला आहे. चित्रपटाने केलेल्या सगळ्या काटछाटीची भरपाई या दोन-तीन मिनिटांत होते, असं मी जबाबदारीने लिहितो.

उरलेल्या दोन रूपांबद्दल थोडक्यात. १९८७चा दूरचित्रवाणीपट मोठे झालेले कॉलिन आणि मेरी दाखवतो, त्यांचं लग्न ठरवतो आणि डिकनला महायुद्धात मारून टाकतो. मूळ गोष्टीला याची गरज नव्हती. त्यात मोठा कॉलिन झालेले कॉलिन फर्थ २०२०च्या मार्क मंडन दिग्दर्शित चित्रपटात कॉलिनचे वडील झाले आहेत. या चित्रपटाने गोष्ट १९४७ सालात, फाळणीच्या धुमश्चक्रीत आणून ठेवली. उल्हासनगरच्या निर्वासित छावण्यांच्या हकिकती ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना ती पहिली काही मिनिटं खटकतील. लाखो माणसांचा संहार एका इंग्रज मुलीला बोटीवर चढवण्यापुरता वापरला आहे आणि पुढे विसरला आहे. मेरीची आई इथे बेपर्वा नाही, ती बहिणीच्या दुःखात बुडालेली आहे, म्हणून लेकीला जवळ घेऊ शकली नाही. बाग संगणकाने भव्य केली, शेवटी वाड्याला आग लावली. आई वाईट नको, बाग छोटी नको, शेवट शांत नको, अशा भीतीपोटी केलेले हे बदल आहेत. बर्नेट यांना यातली कोणतीच भीती नव्हती.

आठ-नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना आधी पुस्तक द्या, शक्यतो पहिली तीन प्रकरणं त्यांच्यासोबत वाचा. आया मरते तिथे थांबा आणि तिच्याबद्दल बोला. मार्था आणि मेरीच्या भांडणाचं पान गाळू नका, ते का चुकीचं आहे ते सांगा. मूळ इंग्रजी पुस्तक स्वामित्वहक्कातून केव्हाच मुक्त झालेलं आहे, त्यामुळे ते मिळवायला अडचण नाही. त्यानंतर १९९३चा चित्रपट दाखवा. २०२०चा नाही पाहिला तरी चालेल.

पुढच्या आठवड्यात आपल्या घरचं पुस्तक घेऊ : साने गुरुजींची 'श्यामची आई' आणि आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर केलेला चित्रपट. पुस्तक घरात असेल तर तोवर पुन्हा एकदा वाचून ठेवा.